२५ नोव्हेंबरची संध्याकाळ

मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या स्मृतिदिनाला आमच्या मंडळात पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, मुंबईत जन्मलेला हा तमिळ अधिकारी बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी मंडळाचा कोण? उत्तर पलटणीत आहे. महार रेजिमेंटची पहिली बटालियन ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावातच उभी राहिली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि महारांना पुन्हा सैन्यात घ्या म्हणून त्यांनी सरकारचा पिच्छा पुरवला होता. पुढे रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला गेलं, भरती सगळ्या समाजांना खुली झाली, आणि १९७२ साली परमेश्वरनसाहेब याच रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. रेजिमेंटचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. इकडच्या घरांतून माणसं ज्या पलटणीत गेली, तिचा मेजर आमचा नाही तर कुणाचा?

दीपप्रज्वलन, हार, स्वागत, प्रास्ताविक हे सगळीकडे होतं तसंच होतं. पुष्पचक्र मात्र आम्ही विकत आणत नाही. बांबूच्या कामटीचं दीड फूट रुंद कडं करायचं, त्यावर भाताचं पिंजर मनगटाएवढ्या जाडीनं सुतळीनं आवळायचं. नोव्हेंबरात मळण्या चालू असतात, पिंजराला तोटा नाही. झेंडूचा देठ बोटभर ठेवून खोचायचा. आखूड खुडला तर चक्र उभं करताच फुलं गळायला लागतात. पाणी पिंजरावर, तेही नुसते शिंतोडे. उत्साहाच्या भरात कुणी तांब्या ओतला की कडं जड होतं आणि चक्र ज्यावर उभं करतो ते तीन पायांचं तिकाटणं पुढं कलंडतं.

बिगुलाचंही तसंच. दिवस मावळता मावळता पितळ गार पडतं, आणि गार पितळाचा सूर उतरतो. म्हणून आमचे बिगूलवाले मामा पाच-दहा मिनिटं आधीपासून कोपऱ्यात उभे राहून आत नुसता श्वास सोडत असतात. पोरांना वाटतं, यांना वाजवता येत नाही. मग लास्ट पोस्ट ही मानवंदनेची धून, दोन मिनिटं स्तब्धता, आणि शेवटी राऊज ही दुसरी धून. घड्याळ एकाच्याच हातात हवं. अंदाजावर सोडलं तर दोन मिनिटं चाळीस सेकंदांत उरकतात.

या सगळ्यात मन हलवणारी गोष्ट एकच, सायटेशनचं, म्हणजे परमवीर चक्राच्या मानपत्राचं वाचन. ते हायस्कूलची मुलगी करते, पुढारी नाही. भाषणांत आम्ही बरंच काही ऐकलंय. कुणी साहेबांना कॅप्टन करतं, कुणी नाव ऐकून मद्रास रेजिमेंटमध्ये घालतं, कुणी थेट कारगिलला पोचवतं. वाचनात फक्त घडलं तेवढंच असतं. भारताची शांतिसेना श्रीलंकेत होती. २५ नोव्हेंबर १९८७, रात्र बरीच झालेली. ८ महारची, म्हणजे रेजिमेंटच्या आठव्या बटालियनची तुकडी झडती संपवून परतत असताना दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी गोळीबार सुरू केला. साहेबांनी वळसा घालून त्यांना मागून घेरलं आणि अंगावर चाल केली. हातघाईत एकानं त्यांच्या छातीत गोळी मारली. त्याचीच रायफल हिसकावून त्यांनी त्याला ठार केलं, आणि श्वास थांबेपर्यंत हुकूम देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले, तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती लागले.

चार मिनिटांत संपतं. सूचना दोनच: विशेषण घालायचं नाही आणि मागं संगीत नको. साउंडवाल्यांना देशभक्तीची धून सोडायची फार हौस, म्हणून त्यांच्याशेजारी एक माणूस बसवावा लागतो. ‘हुकूम देत राहिले’ इथं पोचलं की मागच्या रांगेतले माजी सैनिक खुर्चीत ताठ होतात. अंधारात कमांडर पडला की डावीकडं कोण, उजवीकडं कोण, हेच कळेनासं होतं. त्या तीन शब्दांचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

उपस्थितीचं बोलायचं तर दुसऱ्या दिवशी संविधान दिन. त्या मिरवणुकीला गाव लोटतं, आणि आदल्या संध्याकाळी निम्म्या खुर्च्या मोकळ्या. एकाला ऊसतोड, दुसऱ्याला लग्नघरची हळद. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तांना ऊतच येतो. फोटोला मात्र सगळे वेळेवर. असो.

नावं छापली की एखादं राहतं आणि वर्षभर रुसवा, म्हणून कामावरूनच सांगतो. कामट्या सोलणारे तात्या, झेंडू देणारं मळ्यातलं घर, रांगोळीच्या वहिनी, फलकावर कन्नड आणि मराठी दोन्ही अक्षरं सारखीच सुबक काढणारे पेंटर, मुलीकडून आठवडाभर वाचून घेणाऱ्या बाई, घड्याळवाले सुभेदारसाहेब. उप्पीट करणाऱ्या मावशी तर खऱ्या सूत्रधार. ऐंशी माणसांना सहा किलो रवा, पाणी तिप्पट, रवा आधी मंद आचेवर भाजलेला. पाणी ओतायचं ते वाचन सुरू झाल्यावरच, कारण उप्पीट अर्धा तास थांबलं की त्याचा गोळा होतो. अध्यक्षांनी भाषण लांबवलं की मावशी पातेल्याचं झाकण वाजवतात, आणि ते बरोबर समजतात. खुर्च्या पोचवणारा टेम्पोवाला राहिलाच होता, आणि जनरेटरला डिझेल घालणारी दोन पोरं. पाणी भरणारे आजोबाही.