गिरगावात भूक कधी लागावी

गिरगावात जेवायला जायचं असं ठरवून निघालात तर दुपारी एकच्या सुमारास ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभं राहून ‘आता कुठे?’ असा प्रश्न पडेल. नाश्त्याला जायचं ठरवलंत तर उलट, एकच पोट असल्याचं वाईट वाटेल. या गावाची खायची घड्याळं वेगळी आहेत. ती कळली की दिवस छान जातो, म्हणून हा वृत्तांत जरा तपशिलात.

आम्ही दोघी होतो, मी आणि मावशी. ती लग्नाआधी कांदेवाडीतल्या चाळीत राहायची, आता डोंबिवलीकर आहे. गिरगावातल्या निम्म्या जुन्या कुटुंबांचा पत्ता आज असाच डोंबिवली, बोरिवली नाहीतर दहिसर. मला तिच्या आठवणींपेक्षा तिचे पाय जास्त उपयोगी पडले. कुठल्या वाडीतून शिरलं की कुठे बाहेर पडतो, हे तिच्या पायांना अजून पाठ आहे.

आधी पोचायचं कसं ते. पश्चिम रेल्वेने चर्नी रोडला उतरायचं. स्लो लोकलच पकडा, फास्ट गाडी मुंबई सेंट्रलनंतर तुम्हाला थेट चर्चगेटला नेऊन सोडेल. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की जगन्नाथ शंकरशेट रस्ता चालत दहा मिनिटांवर. दुसरा रस्ता जमिनीखालून. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि गिरगाव, काळबादेवी ही दोन्ही स्टेशनं उघडली. विमानतळ, बीकेसी, दादर, वरळी अशा कुठल्याही बाजूने येणाऱ्याला आता गाडी न बदलता येता येतं. भाडं अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये. तिकिटाचे पैसे रोख जवळ ठेवा, जमिनीखाली मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. आम्ही जाताना मेट्रोने गेलो, कारण मावशीला ती बघायचीच होती. याच मेट्रोपायी जगन्नाथ शंकरशेट रस्ता कित्येक वर्षं पत्र्यांच्या कुंपणात अडकला होता. रस्त्यालगतच्या काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या, आंदोलनं झाली, इथेच परत घर मिळणार की नाही यावर भांडणं झाली. सरकत्या जिन्यावर उभी राहून मावशी एवढंच म्हणाली, “आमच्या चाळीच्या जिन्याचा कठडासुद्धा हलायचा, आणि इथे जिनाच चालतोय.”

सकाळी साडेआठ-नऊला खाडिलकर रोडवर, म्हणजे जुन्या माणसांच्या कांदेवाडीत, प्रकाश दुग्ध मंदिरात बसलो. जागा लहान, टेबलं लहान, आणि समोर अनोळखी माणूस बसला तरी कुणी भुवया उंचावत नाही. साबुदाणा वडा मागवा. बाहेरून तो कडक दिसतो, पण बोटाने दाबला की कवच फुटून आतून वाफ येते, साबुदाणा चिकट नसतो, दाण्याचं कूट दाताखाली लागतं. मावशीने वाढणाऱ्याला हाक मारली, “अहो, चटणी जरा सढळ हाताने आणा.” त्यावर तो हसून म्हणाला, “मावशी, आधी वडा तर संपवा.” तरीही आणली. वड्यानंतर पीयूष घ्यायचंच. श्रीखंडाची ही पातळ बहीण पेल्यात इतकी दाट असते की पिऊन झाल्यावरही काचेला पिवळसर थर राहतो, आणि जायफळ थेट नाकात शिरतं. एक सूचना: वडा, मिसळ आणि पीयूष हे तिन्ही एकाच बैठकीत संपवायला जाऊ नका. दिवस मोठा आहे.

आसपास नजर टाकली तर कोण खातंय हे लक्षात येतं. ऑफिसला निघालेले लोक, दोन-तीन आजोबा, आणि बरेचसे आमच्यासारखे, मुद्दाम लांबून आलेले. म्हणजे गिरगाव सोडून गेलेला माणूस नाश्त्याला परत येतो. जेवायला तो येत नाही, ते घरीच होतं. मला वाटतं इथल्या खाण्यातला सगळा बदल एवढ्या एका गोष्टीत आहे. पूर्वी गिरगावात खाणावळी होत्या, कारण चाळीच्या खोल्यांमधून नोकरीसाठी कोकणातून आलेले एकटे पुरुष राहायचे. एका खोलीत चार-पाच जण, बायको-मुलं गावाला, आणि जेवणाची सोय खाणावळीत महिन्याच्या हिशोबावर. खाणावळ चालते ती रोज येणाऱ्या मेंबरवर, रस्त्याने जाणाऱ्या पाहुण्यावर नाही. ते मेंबर संसार घेऊन उपनगरात गेले आणि खाणावळी मिटल्या. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम तर मत्स्याहारासाठी आणि तिथल्या तुसड्या वाढण्यासाठीही प्रसिद्ध होतं. तेही बंद झालं. मावशीच्या मते तिथे जास्तीचा भात मागायला धाडस लागायचं.

प्रकाशपासून जवळच केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव इथे १८९३ साली सुरू झाला आणि १९०१ साली लोकमान्य टिळक इथे येऊन गेले. मूर्ती अजून लहानच असते आणि पालखीतून नेतात. गणपतीत आलात तर मोठमोठ्या मंडपांच्या रांगा टाळून इथे या. एरवी ही राहती चाळ आहे हे विसरू नका. आम्ही गेलो तेव्हा गॅलरीत वाळत घातलेल्या पोळपाटाएवढ्या पापडांची एक आजी राखण करत बसल्या होत्या. मावशीने “आत येऊ का हो?” विचारलं आणि पुढची वीस मिनिटं कोण कुठे राहायला गेलं याची उजळणी झाली. दरवाजात उभं राहून घरात कॅमेरा रोखणाऱ्यांना मात्र तिथे सरळ हाकललं जातं, आणि योग्यच आहे.

चाळी इतक्या जुनाट का राहिल्या, याचं उत्तर बहुतेक गिरगावकर एका दमात देतात: पागडी, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून नाममात्र भाड्यावर घेतलेली जागा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. काही रुपयांच्या भाड्यात मालक दुरुस्ती करीना, आणि हक्क जाईल म्हणून भाडेकरू जागा सोडीना. आता पुनर्विकासात चाळीच्या जागी टॉवर उभे राहतायत. जुन्या भाडेकरूला संडास-बाथरूम घरात असलेला फ्लॅट मिळतो आणि उरलेले मजले बाजारभावाने विकले जातात. याला मी ऱ्हास म्हणणार नाही. सकाळी सामायिक संडासापुढे बादली घेऊन रांगेत उभं राहण्यात कसलं वैभव? ज्यांना चाळसंस्कृतीचे उमाळे येतात त्यांनी पावसाळ्यात एक महिना तिसऱ्या मजल्यावर काढून दाखवावा. चाळीत खालीच दुकान असायचं आणि वर माणसं, त्यामुळे रस्ता रात्रीपर्यंत जागा राहायचा. टॉवरच्या खाली पार्किंग येतं. हा फरक मात्र चालताना पायांना जाणवतो, मधेच रस्ता मुका होतो.

तिथून खोताची वाडी. सेंट तेरेझा चर्चच्या, म्हणजे पोर्तुगीज चर्चच्या आसपास विचारलं तरी कुणीही बोट दाखवेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची ही जमीन. त्यांनी ती ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांना तुकडे करून दिली, आणि बाहेरून जिना असलेली, लाकडी व्हरांड्यांची, रंगीत बंगलेवजा घरं उभी राहिली. आता त्यातली मोजकीच शिल्लक आहेत आणि त्यांच्या डोक्यावर उंच इमारतींची सावली पडते. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर एकाने भिंतीला चिकटावं. सकाळी दहाच्या आत जा, उजेड छान असतो आणि फिरायला आलेले घोळके नसतात. आवाज खाली ठेवा. ओट्यावर बसलेल्या माणसाला आधी ‘नमस्कार’, फोटो नंतर. नाताळच्या आठवड्यात वाडी दिव्यांनी सजते, तेव्हा संध्याकाळी या. वाडीच्या तोंडाशी वेफर्सचं जुनं दुकान आहे, तिथले गरम वेफर्स घेऊन चालत राहिलं तर चर्चपर्यंत पुडी संपते.

चर्चजवळच मॅजेस्टिक. आता ते शॉपिंग सेंटर आहे, पण इथल्या मॅजेस्टिक थिएटरात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला. आणि त्याआधी, ३ मे १९१३ ला, ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्याच कोरोनेशन थिएटरात. मूकपट आणि बोलपट दोन्ही एकाच पेठेत जन्मले, आणि दोन्ही थिएटरं आता नाहीत. मॅजेस्टिक बुक स्टॉलचं नावही या थिएटरवरूनच आलेलं. पुस्तकं आणि नाटक हा गिरगावचा दुसरा नाश्ता. मुंबई मराठी साहित्य संघ (स्थापना १९३५) केळेवाडीत अजून उभा आहे. संध्याकाळी प्रयोग असेल तर तिकीट काढून ठेवा.

आता दुपारचा प्रश्न. गिरगावात हट्ट धरू नका, चालत भुलेश्वरमार्गे काळबादेवीला जा. वाटेत फणसवाडीतल्या व्यंकटेश बालाजी मंदिरात पाच मिनिटं डोकावता येतं. काळबादेवीत गुजराती भोजनालयं अजून जोमात आहेत, आणि तीही आपल्या खाणावळींच्याच काळातली. ठाकर भोजनालय १९४५ पासून दादीशेठ अग्यारी लेनमध्ये आहे. तिथे थाळी घ्या: फरसाण, दोन-तीन भाज्या, गोड दाळ, कढी, फुलके, आणि ‘पुरे’ म्हणेपर्यंत वाढत राहणारे हात. खाणावळी गेल्या आणि भोजनालयं टिकली, कारण त्यांचं गिऱ्हाईक अजून तिथेच आहे. मुळजी जेठा मार्केट, मंगलदास मार्केट, स्वदेशी मार्केट इथले कापडाचे व्यापारी आणि बाहेरगावाहून खरेदीला येणारे लोक राहतात कुठेही, पण दुपारी एक वाजता काळबादेवीतच असतात. गिरगावच्या माणसाचं घर इथे होतं आणि ऑफिस फोर्टात. घर गेलं तसा तो गेला. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे जे लगेच ऐकवलं जातं, ते इथे निदान अर्धंच खरं आहे.

रविवारी कापडबाजार बंद असतो, त्यामुळे भुलेश्वर-काळबादेवीत चालणं सोपं जातं, पण खरा गजबजाट बघायचा तर कामाच्या दिवशीच या. थाळीला भुकेने जा, सकाळच्या वड्यानंतर किमान चार तासांनी. आणि दोन ते चार गिरगावात काहीही मिळेल अशी आशा ठेवू नका. बरीच जुनी दुकानं दुपारी विश्रांतीला फळ्या ओढतात. कुठे साप्ताहिक सुट्टी सोमवारी, कुठे आणखी कधी, तेव्हा ज्या ठिकाणासाठी मुद्दाम येताय तिथे आदल्या दिवशी फोन करा.

पाचनंतर परत ठाकूरद्वार. फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होम. नाव ऐकून सॅलड मिळेल असं वाटणाऱ्यांनी आत जाऊन मिसळ मागवावी. ही पुणेरी गोडसर नाही आणि कोल्हापुरी कटासारखी अंगावर धावून येणारीही नाही. मटकी शिजलेली पण अख्खी, रस्सा पातळ, तिखटपणा दुसऱ्या घासानंतर कळतो. पावाचे तुकडे करून रश्श्यात बुडवण्याऐवजी मावशी पाव वर धरून नुसता कडेने टेकवते. “अगं, लगदा करून खायचा असेल तर पेज खा,” असं मला सुनावलं. संध्याकाळी सहाला इथे बसायला थांबावं लागतं. चार जणांचा घोळका असेल तर दोन टेबलांवर विभागून बसायची तयारी ठेवा.

मग चौपाटी. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यापासून पंधरा-वीस मिनिटं चालणं, मिसळ जिरायला पुरेसं. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार इथे झाले, त्यांचा पुतळा वाळूलगत आहे. भेळ-पाणीपुरीचे स्टॉल मी सोडून दिले, गर्दी आणि हाका दोन्ही सोसेनात. त्याऐवजी सरदार पटेल रस्त्यावरच्या न्यू कुल्फी सेंटरला गेलो. इथे कुल्फी काडीवर मिळत नाही, वजनावर मिळते. तराजूत टाकून, सुरीने चौकोनी तुकडे करून ताटलीत देतात. दोघींना शंभर ग्रॅम म्हणजे भांडण, दोनशे घ्या. सीताफळाचा हंगाम असेल तर दुसरं काही मागू नका.

कधी यावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला बरं. गुढीपाडव्याला फडके गणपती मंदिरापासून निघणारी शोभायात्रा बघायची तर सकाळी लवकर, आणि गाडी अजिबात आणू नका. अनंत चतुर्दशीला मात्र खाण्यापिण्याच्या बेताने येऊ नका. विसर्जनाच्या मिरवणुका चौपाटीकडे येत असल्याने रस्ते बंद असतात आणि चर्नी रोडला गर्दी इतकी की फलाटावरून बाहेर पडायलाच वेळ जातो. पार्किंग एरवीही नाही. पायात जुन्या चपला, जवळ पाण्याची बाटली आणि सुटे पैसे असावेत. वयस्कर माणसं बरोबर असतील तर काळबादेवीचा टप्पा टॅक्सीने करा, अंतर थोडं आहे पण फुटपाथ नावालाच आहेत. परतीला चौपाटीवरून चर्नी रोड स्टेशन समोरच पडतं, पादचारी पुलावरून थेट फलाटाकडे जाता येतं. डोंबिवलीला जाणाऱ्यांनी दादरला उतरून मध्य रेल्वे पकडावी.