तीन तिघाडा

भांडी घासताना हात फेसाने भरलेले असतात, तेव्हा मोबाइल लावेल ते ऐकावं लागतं. परवा माझी यादी संपली आणि अ‍ॅपने आपल्या मनाने एक गाणं पुढे केलं. गिटार विहिरीच्या तळातून येतेय असं वाटावं, ड्रम्सना कुठे जायची घाई नाही, गाणारा आपल्या पट्टीच्या जरा वरच ओढतोय. रॉक म्हणे! मला तर विलंबितच वाटलं. कढई दोनदा घासून झाली.

हात पुसून नाव पाहिलं. गॅलक्सी ५०० नावाचा बँड, १९८९ च्या 'ऑन फायर' अल्बममधलं 'स्ट्रेंज'. पुढे वाचलं तर गंमतच. हे गाणं बँडने कधी सिंगल म्हणून काढलंच नव्हतं. ते इतरांच्या गाजलेल्या गाण्यांसारखं वाजतं, म्हणून अ‍ॅप जिथे तिथे तेच सरकवतं. बिचारे आपल्यासारखे वाजले तेव्हा कोण विचारत होतं?

डीन वेअरहॅम, डेमन क्रुकोव्स्की, नेओमी यांग. न्यूयॉर्कच्या शाळेतली ओळख, मग हार्वर्ड. १९८७ मध्ये बँड काढला, नाव दिलं एका मित्राच्या जुन्या फोर्ड गाडीचं. नेओमीने त्याआधी बास गिटार वाजवलीच नव्हती. बहुधा म्हणूनच ती नुसता ठेका न धरता वरच्या सुरांत चाल गुणगुणत राहते. तीन वर्षांत तीन अल्बम.

आता खरी गोम. डेमन आणि नेओमी हे जोडपं.

कॉलेजात असताना आम्ही तिघं एका खोलीत राहायचो, त्यातले दोघे सख्खे भाऊ. पंखा कितीवर, लाइट कधी बंद, रविवारी कुठे जेवायचं, सगळं अगदी लोकशाहीने ठरायचं. दर वेळी दोन विरुद्ध एक. भांडण म्हणाल तर एकदाही नाही. एप्रिलमध्ये मी वळकटी उचलली.

डीनने १९९१ च्या वसंतात उचलली. अमेरिकेचा लांबलचक दौरा नुकताच संपलेला, जपानची विमानाची तिकिटं काढून झालेली, आणि याने फोनवर सांगितलं, मी सोडतोय. (मीही चिठ्ठीच ठेवली होती, त्यामुळे फार बोलत नाही.) त्याच वर्षी त्यांची कंपनी रफ ट्रेड दिवाळ्यात गेली. गाण्यांच्या मूळ टेप लिलावात निघाल्या, त्या डेमनने बोली लावून सोडवल्या. स्वतःचंच मंगळसूत्र सावकाराकडून सोडवावं तसं.

डीनने पुढे 'लूना' काढला, ती दोघं 'डेमन अँड नेओमी' म्हणून गात राहिली. पण गीतकार म्हणून तिघांची नावं अजून एकत्र आहेत. २०१२ मध्ये डेमनने हिशेब मांडला होता: पँडोरा या इंटरनेट रेडिओवर एका तिमाहीत त्यांचं 'टगबोट' ७,८०० वेळा वाजलं, त्याचे तिघांना मिळून २१ सेंट आले.

माणशी सात. भाग बरोब्बर गेला, मतदानाची वेळ आली नाही.