तुम्ही विचारलंत म्हणून: नैरोबीच का?

पुण्यात एवढं छान चाललं होतं, मग नैरोबीला कशाला गेलीस, हे मला प्रत्येक लग्नात विचारतात. परवा मावशीने परत विचारलं, म्हणून आता लिहूनच टाकते.

मी बारा वर्षं एजन्सीत होते, शाम्पूची पाउचं, बिस्किटं, साबण असलं सगळं विकलं. एका क्लायंटच्या कामासाठी तीन महिन्यांकरता नैरोबीला आले आणि सुट्टीच्या दिवशी कामुकुंजी नावाच्या तिथल्या बाजारभागात गेले. तिथे जुन्या ड्रमचे पत्रे ठोकून पेट्या, कढया, शेगड्या बनवणारी शेकडो माणसं बसतात, त्यांना जुआ काली म्हणतात, म्हणजे कडक ऊन, कारण पूर्वी सगळं काम उघड्यावरच चालायचं. त्या ठोकाठोकीत समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

तिथे तेवीस वर्षांचा एक पोरगा जिको बनवायचा. जिको म्हणजे त्यांची कोळशाची शेगडी, 1980च्या दशकात केनियात सुधारून तयार झालेली, डमरूच्या आकाराची, बाहेरून पत्रा आणि आत भाजलेल्या मातीचं अस्तर, त्यामुळे कोळसा कमी लागतो. माल एकदम सुबक, पण सगळा दलालाला, दलाल म्हणेल त्या भावात. मी विचारलं घेतं कोण, तर म्हणाला सगळेच घेतात. मग आम्ही दोघं एका मामा म्बोगाकडे गेलो, म्हणजे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी, त्या भाजी विकता विकता असल्याच जिकोवर बीन्स शिजवून पण विकतात. त्या म्हणाल्या, शेगडीचं मला काही माहीत नाही, पूर्वी दिवसाला कोळशाचे तीन डबे लागायचे आता दोन लागतात. तिथे कोळसा डब्याच्या मापाने विकतात, रोजचा रोज, आपल्याकडच्या रुपयाच्या शाम्पू पाउचसारखं, एकदम पोतं घ्यायला पैसे कुणाकडे असतात! त्याने दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर स्वाहिलीत एवढंच लिहिलं, रोज एक डबा कोळसा वाचवा, आणि तो पुठ्ठा घेऊन थेट भाजीवाल्यांच्या गल्लीत बसला.

तीन महिन्यांची आता सहा वर्षं झालीत.

आता त्याच्यासारखी बरीच पोरं माझ्याकडे सल्ल्याला येतात. ह्या पोरांना धंदा शिकवायला लागत नाही हो, कष्ट तर आपल्यापेक्षा जास्त करतात. एम-पेसा 2007 पासून आहे, आपलं यूपीआय यायच्या नऊ वर्षं आधी साध्या बटणाच्या फोनवर पैसे फिरत होते. भिशीसारखी त्यांची चामा असते, त्यातून थोडं भांडवल उभं राहतं. नायजेरियातलं टोनी एलुमेलू फाउंडेशन तर निवडलेल्या उद्योजकांना 5,000 डॉलर देतं, परत न करण्याच्या बोलीवर, आणि आफ्रिकेतल्या कुठल्याही देशातून अर्ज करता येतो. माझ्याकडची पोरं तो अर्ज भरायला बसतात आणि अडतात नेमकी गिऱ्हाईक कोण आणि दर काय ह्यावरच. मोठ्या कंपन्या ह्याच दोन प्रश्नांसाठी सल्लागाराला लाखो रुपये देतात, ह्या पोरांना ते विचारणारंही कुणी नसतं, आणि मला ते फार लागतं. म्हणून आठवड्याचे चार दिवस पोटापाण्याचे क्लायंट आणि शनिवार पूर्ण ह्यांचा, फी नाही.

मावशी म्हणते निदान डिसेंबरभर तरी ये. पण केनियात शाळा जानेवारीत सुरू होतात, माझ्याकडची एक मुलगी दप्तरं शिवते, तिचा वर्षाचा धंदा ह्याच चार आठवड्यांत होतो आणि अजून दर ठरायचाय. फेब्रुवारीत येते, नक्की.