पाण्याविना जलरंग

चित्रकारांच्या एका निवासी शिबिराच्या अर्जासोबत दहा चित्रं पाठवायची होती. मी निवडलेल्या दहांपैकी आठांत पाणी होतं. रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेच्या घाटावरच्या दीपमाळा, पन्हाळ्याकडच्या भाताच्या खाचरांत साचलेलं आभाळ. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. निवड करणाऱ्या ज्येष्ठ चित्रकारांनी फोनवर ते मोजून दाखवलं. म्हणाले, "सांगलीच्या दुष्काळी आटपाडी तालुक्यात पंधरा दिवस राहायचं आहे, तेही ऐन फाल्गुनात. तिथं प्रतिबिंब मिळणार नाही. मग काय काढाल?"

मी म्हटलं, "जमीन."

उत्तर लगेच दिलं, पण रात्री झोप लागेना. कोल्हापुरात निसर्गचित्र शिकलेल्या माणसाचा डोळा ओल्या उजेडावर पोसलेला असतो. आमच्यासमोर आदर्श आबालाल रहिमान यांचा. शाहू महाराजांच्या दरबारचे हे चित्रकार कोटीतीर्थ आणि रंकाळ्याच्या काठी रमले, १९३१ साली गेले. टाउन हॉल म्युझियममध्ये त्यांच्या चित्रांसमोर मी कॉलेजच्या दिवसांत तासन्‌तास उभी राहिले आहे. राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे यांच्या संग्रहालयातही तसंच. आमचे सर रविवारी पहाटे आम्हाला घाटावर बसवायचे. नदीवरचं धुकं दूरची झाडं पुसून टाकायचं, कागद बराच वेळ ओला राहायचा, रंग आपोआप एकमेकांत मिसळायचे. मी त्याला माझं कसब समजत होते. त्यातलं निम्मं काम हवा करत होती, हे मला आटपाडीत कळलं.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. सांगलीपर्यंत ऊस, तासगावच्या आसपास द्राक्षबागा, विट्यानंतर दोन्ही मावळत गेलं. भिवघाट मागे पडल्यावर एसटीच्या खिडकीतून दिसला तो पिवळा-तांबूस माळ, मध्ये मध्ये बाभळी आणि एखादी डाळिंबाची बाग. आम्ही सहाजण होतो. वस्तीवरच्या एका जुन्या घराच्या दोन खोल्यांत राहण्याची सोय होती. जेवण शेजारच्या मावशींकडे, बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं.

पहिल्याच संध्याकाळी नियम सांगितला गेला. चित्रासाठी माणशी दिवसाला दोन लिटर पाणी. टँकर दोन दिवसांआड येणार होता आणि तो आधी माणसांचा व जनावरांचा होता. मला हा नियम आजही योग्य वाटतो. दुसऱ्याच्या हंड्यातलं पाणी ब्रश धुवायला वापरायचं, तर त्याचा हिशोब हवाच.

पहिले चार दिवस एकही चित्र धड झालं नाही. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, डावीकडून सुरू केला की उजवीकडे पोचेपर्यंत डावी बाजू वाळलेली. मधोमध कडक रेघ. ढगाची कड मऊ करायला ब्रश फिरवला तर खालचा रंग उचलून यायचा. ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद होता, कोल्हापुरात त्यावर मी निवांत काम करते. इथं वारा आणि कोरडी हवा मिळून मिनिटभरात तो खडखडीत करत होते. बरोबरच्या एका चित्रकार दादांनी दोन उपाय दिले. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकायचे, म्हणजे रंग उशिरा वाळतो. आणि कागद पाठीमागून ओला करून प्लॅस्टिकच्या बोर्डावर चिकटवायचा, म्हणजे ओल खालून टिकते. दोन्हींचा उपयोग झाला. (ग्लिसरीन जास्त झालं तर चित्र दिवसभर चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते, तेही अनुभवलं.)

खरा बदल झाला तो ब्रश उचलण्याआधीच्या वेळात. घाटावर मी कागदावर पाणी सोडून मग काय होतंय ते बघत असे. इथं आधी सगळं ठरवावं लागलं. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. सकाळी सातला बाभळीची लांब पडलेली सावली नऊपर्यंत कितीतरी आखूड होते. म्हणून आधी पेन्सिलीनं फक्त सावल्या बांधायच्या आणि नंतर त्या हलवायच्या नाहीत. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, त्यामुळे हात गडद रंग लावतो आणि खोलीत आल्यावर तेच चित्र काळवंडलेलं दिसतं. पाचव्या दिवसापासून मी बोर्ड स्वतःच्या सावलीत धरायला शिकले. सॅप ग्रीनची, म्हणजे गवती हिरव्याची, ट्यूब पिशवीत तळाशी गेली. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड आणि अल्ट्रामरीन, एवढ्यावर काम भागू लागलं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून जो करडा होतो, त्यात थर-थर चढत गेलेल्या काळ्या दगडाच्या टेकड्या नेमक्या बसतात.

सातव्या दिवशी एक उताराचं शेत काढत होते. मागं मेंढरांचा आवाज आला. एक म्हातारे बाबा काठी टेकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, ताल उलटी घातलीस की."

ताल म्हणजे शेताचा बांध, उतारावरचं पाणी आणि माती अडवणारा. मी तो चित्राच्या रचनेसाठी थोडा तिरका केला होता, नजर टेकडीकडे जावी म्हणून.

"आसं आसतं तर पावसाचं पानी त्या वघळीत ग्येलं आसतं. रान कवाच धुऊन ग्येलं आसतं." त्यांनी काठीनं हवेत रेघ ओढली. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, जादा झालं तर सांडव्यावरून कुठं उतरतं. "ही ताल माझ्या बानं घातलीया."

मी ब्रश खाली ठेवला आणि त्यांच्याबरोबर शेतात गेले. पाण्याचा थेंब नसलेल्या त्या रानात त्यांनी मला तासभर पाणी दाखवलं. बांधाच्या पोटाशी माती बारीक आणि गडद होती, कारण गाळ तिथं बसतो. वरच्या अंगाला मुरूम उघडा, फिका. बोर आणि हिवर उगवले होते ते नेमके ओघळीच्या काठानं. मला जे नुसते रंगांचे पट्टे दिसत होते, ती सगळी पाण्यानं मागं ठेवलेली खूण होती. टेंभूच्या उपसा सिंचन योजनेचं कृष्णेचं पाणी तालुक्यात आलंय, पण आपलं रान उंचावर आहे, तिथवर पोचलं नाही, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं.

ते चित्र मी टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसून नवीन केलं. आधी कागदावर हलक्या पेन्सिलीनं बाण काढले, पाऊस पडला तर पाणी कसं वाहील त्याचे. मग त्यावर रंग. पंधरा दिवसांतलं ते एकच चित्र मला पूर्ण वाटतं.

त्या रात्री जेवताना मावशींनी कोल्हापूरचं विचारलं. मी २०१९ च्या ऑगस्टचं सांगितलं. पंचगंगा आमच्या गल्लीत शिरली, खालच्या फडताळातले माझे कागद, सगळी जुनी चित्रं भिजून लगदा झाली. त्या भाकरी थापता थापता थांबल्या. "घरात पानी शिरलं?" एवढंच म्हणाल्या. पुन्हा थोड्या वेळानं, "आन् प्यायला?" पूर आलेल्या गावातही प्यायच्या पाण्यासाठी टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं होतं, ते मी सांगितलं. मग आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो.

ब्रश धुतलेलं पाणी मी पहिल्या दिवशी अंगणात ओतलं होतं. नंतर ते बंद केलं, रंगांत कोबाल्टसारखे धातूही असतात. ते पाणी बरणीत साठवायचं, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी ब्रश धुवायला पुन्हा घ्यायचं. तळाशी रोज थोडा करडा गाळ उरे. शेवटी तो वाळवून, डिंकाच्या पाण्यात घोटून एका रिकाम्या पॅनमध्ये, म्हणजे रंगाच्या छोट्या डबीत, भरला.

निघायच्या दिवशी बाबांना चित्र दाखवायला गेले. त्यांनी ते उन्हात धरलं, बोट तालीवरून खाली सांडव्यापर्यंत नेलं आणि मान हलवली. चित्र मी त्यांच्याकडेच ठेवलं.

परतल्यावरच्या पहिल्या रविवारी पहाटे रंकाळ्यावर गेले. नेहमीच्या जागी बोर्ड ठेवला, तो करडा पॅन उघडला. मग उठून काठाकाठानं चालत गेले, तळ्यात पाणी कुठून कुठून उतरतं ते बघत. परत आले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि कागद अजून कोरा होता.