तारा उतरवल्या नव्हत्या

रविवार, रात्रीचे पावणेबारा

पाऊस थांबलाय. नौपाड्याहून घरी यायला तासभर लागला, कळव्याच्या पुलावर रिक्षा हलेना. जेवण गेलं नाही. लेक झोपली आहे. आजचं आजच लिहून ठेवते, उद्या बँकेत पाऊल टाकलं की यातलं निम्मं निसटून जाईल.

ज्यांच्याकडे मी हवाईयन गिटार शिकले त्या काकांना जाऊन सोळा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मुलगा परवा पुण्याला परतला. काल संध्याकाळी काकूंचा फोन आला. "अगं, जमलं तर उद्या येऊन जा. गिटारची पेटी पलंगाखाली तशीच आहे. माझ्याच्याने उघडवत नाही. हवा दमट आहे, बुरशी धरेल. तू बघ काय ते."

जिना चढताना सवयीने कान लावले. पहिला मजला यायच्या आधीच काकांचा रियाज ऐकू यायचा, गोखले रोडवरचे हॉर्न पार करून. आज वरच्या बिऱ्हाडातल्या मिक्सरचा आवाज तेवढा येत होता.

पेटी काळ्या रेक्झिनची, एक कडी तुटल्यामुळे सुतळीने बांधलेली. सुतळीची गाठ काकांचीच, सरफास. आत पिवळं फ्लॅनेल. शेजारच्या कप्प्यात चष्म्याच्या जुन्या डबीत तारांवर सरकवायचा रॉड, अंगठ्याची प्लॅस्टिकची नखी, बोटांच्या पत्र्याच्या दोन नख्या, पावडरची डबी, तारांची टोकं तोडायची छोटी पक्कड आणि न फोडलेलं तारांचं पाकीट. फ्लॅनेल बाजूला केलं आणि सहज सहाही तारांवरून अंगठा फिरवला.

गिटार लावलेली होती.

खालून वर प, सा, प, सा, ग, प. गंधाराची तार केसभर उतरली होती. बाकीच्या पाच एकमेकींशी जुळलेल्या. मी पुन्हा छेडलं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काय गं, खराब झाली का?" मला लगेच बोलताच येईना.

तारा लागलेल्या असण्यात एवढं काय, हे ज्याने हे वाद्य वाजवलेलं नाही त्याला कळणार नाही. साधी गिटार आपण मांडीवर उभी धरतो. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवायची. डोक्याकडच्या पट्टीवर लोखंडी तुकडा बसवून तारा उंच उचलायच्या, म्हणजे त्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांना, पडद्यांना, टेकत नाहीत. पडदे फक्त डोळ्यांसाठी, खुणेपुरते. डाव्या हातातला रॉड तारेवर हलकेच ठेवायचा आणि सरकवायचा. काका लावायचे त्या पद्धतीत साध्या गिटारच्या तीन तारा एकेक पूर्ण स्वर वर ताणाव्या लागतात. म्हणजे मानेवर आणि तारा खाली जिथे अडकवतात त्या ब्रिजवर ओढ जास्त. त्यात ठाण्याचा पावसाळा. सरस सुटतो, ब्रिज उचलला जातो. म्हणून काकांचा नियम होता: दोन दिवसांपेक्षा जास्त बाहेर जायचं असेल तर तारा उतरवायच्या, म्हणजे सैल सोडायच्या. प्रत्येक खुंटीचे दोन फेरे. मे महिन्यात गावाला निघताना एसटीची वेळ होत आली, काकू चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या, तरी हे व्हायचंच. "मानेला विसावा हवा गं," म्हणायचे. पोराच्या लग्नाच्या गडबडीतही चुकले नव्हते.

"दवाखान्यात जाताना काही म्हणाले होते का?" मी विचारलं.

काकूंनी पदराला हात पुसले. "म्हणाले, दोन दिवसांत येतो."

सहा दिवस होते तिथे. आले ते तसे आले.

*

शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "सिनेमासृष्टीने त्यांची दखल घेतली नाही." दुसरे म्हणाले, "लुप्त होत चाललेलं वाद्य." दोघांचाही राग आला होता, तो अजून गेलेला नाही. काका वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. छत्तीस वर्षं लेथवर उभे राहिले आणि संध्याकाळी बसून वाजवलं. त्यांना सिनेमाच्या दखलीची मोजपट्टी कशाला लावायची? ठाण्यात ज्यांनी त्यांना गणपतीच्या मांडवात ऐकलं, त्यांना विचारा. भर गर्दीत ऑर्केस्ट्राचा गायक बसलेल्या घशाने मागे सरायचा आणि काका पुढचं कडवं गिटारवर गायचे. हो, गायचेच. शब्दातली काना-मात्रासुद्धा कळायची. समोरची माणसं त्या सुरांवर ओठ हलवत असायची, हे मी चौदाव्या वर्षी मांडवाच्या कडेला उभं राहून पाहिलंय. दुसऱ्या दिवशी बाबांच्या मागे लागून त्यांच्याकडे शिकायला गेले. महिन्याला चाळीस रुपये, रविवारी सकाळी सात वाजता.

त्यांचा रॉड त्यांनी स्वतः कातला होता. कारखान्यात कोलकात्याहून आलेले एक बंगाली ड्राफ्ट्समन होते, जेवणाच्या सुट्टीत ते वाजवायचे. काका त्यांच्याकडे शिकले. विकतचा रॉड परवडेना, म्हणून स्टेनलेस स्टीलचा पाऊण इंची गोल दांडा घेतला, तीन इंच तोडला, एक टोक गोलसर केलं आणि मग बारीक, आणखी बारीक असा पॉलिश पेपर मारत बसले. किती दिवस? "तोंड दिसेपर्यंत," म्हणायचे. वजन पावणेदोनशे ग्रॅम. हाताला आधी गार लागतो आणि दहा मिनिटांत अंगासारखा गरम होतो. आज डबीतून काढला तेव्हा त्यावर अंगठ्याच्या जागी एक पुसट पट्टा दिसला. स्टील झिजत नाही म्हणतात. झिजलंय, मी बोट फिरवून पाहिलं.

त्या बंगाली गुरूंकडूनच त्यांना या वाद्याची सगळी गोष्ट मिळाली होती, आणि ती सांगायला त्यांना फार आवडायचं. हवाई बेटांवरच्या ओआहूवर जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी मुलगा होता. जन्म 1874 चा. रेल्वेच्या रुळांकडेने गिटार घेऊन चालताना त्याने पडलेला बोल्ट उचलला, तो तारांना लागला आणि तार रडल्यासारखी घसरत बोलली, असं सांगतात. कुणी कंगवा म्हणतात, कुणी चाकूचं पातं. काकांचा विश्वास मात्र बोल्टवरच. 1853 साली देशातली पहिली प्रवासी आगगाडी ज्या गावात आली त्या गावचा माणूस रुळाची गोष्ट सोडून कंगव्याची कशी धरेल! पुढे केकुकू 1904 साली बेट सोडून गेला आणि 1932 साली अमेरिकेतच वारला. गावी परत गेलाच नाही. इथे आल्यावर काका नेहमी जरा गप्प व्हायचे.

मग टाऊ मो. हा हवाईयन वादक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंबासह कोलकात्यात राहत होता, तिथे वाजवायचा, शिकवायचा. बंगाली घरांत हवाईयन गिटार रुजली त्यात त्याचा मोठा वाटा. आपल्याकडे हे वाद्य पटकन आपलंसं झालं याचं नवल नाही. आपल्याला मींड हवी असते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. विचित्र वीणेवर काचेचा बट्टा फिरतोच की. सुनील गांगुलींच्या तबकड्या, लखनौचे व्हॅन शिप्ले, हवाईयन गिटारचे हे दोघे काकांचे देव. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधे मिनिटभर वाद्यसंगीत लागायचं, तेव्हा हातातलं काम टाकून ते रेडिओजवळ जायचे. 2008 साली शिप्ले गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी दिवसभर वाजवलं नाही. संध्याकाळी एकच धून, तीही अर्धी.

आणि लुप्त कसलं? ब्रिजभूषण काब्रांनी याच गिटारवर राग मांडला. 1967 साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या जोडीने त्यांनी केलेली तबकडी घराघरांत वाजली. विश्वमोहन भट्टांना 1994 साली ग्रॅमी मिळालं ते यातूनच निघालेल्या मोहनवीणेवर वाजवलेल्या तबकडीसाठी. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आला आणि मांडवातली गिटार बसली, हे खरं. काकांनाही लोक म्हणाले, कीबोर्ड शिका. त्यांनी शिकून पाहिलं, पंधरा दिवस. "सा आहे, रे आहे, मधलं कुठंय?" असं म्हणून परत दिला.

*

मी शिकले सात वर्षं. पहिलं वर्ष नुसतं सरळ वाजवण्यात गेलं. रॉड पडद्याच्या मागे ठेवून चालत नाही, बरोबर पडद्याच्या पट्टीवर हवा, आणि तिरका होता कामा नये. तिरका झाला की एक तार चढी, दुसरी उतरी. शिवाय रॉडच्या मागे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तारांवर हलकं घासत न्यायचं, नाहीतर मागचा भाग गुणगुणत राहतो. माझी ती दोन बोटं उचलली जायची. काका काही बोलायचे नाहीत, स्वतःचं बोट माझ्या करंगळीवर ठेवायचे, एवढंच. त्या बोटाला ऑईल आणि साबण दोन्हींचा वास यायचा.

मग भीमपलास राग. सा च्या तारेवर कोमल गंधार तिसऱ्या पडद्यापाशी, मध्यम पाचव्यापाशी. मधे सव्वादोन इंच. गंधारावर थेट जायचं नाही, मध्यमावरून यायचं. किती वेळात यायचं, वाटेत कुठे रेंगाळायचं, पोचल्यावर हात किती हलवायचा, या सव्वादोन इंचांवर आम्ही चार महिने काढले. मी कंटाळून एकदा म्हणाले, "काका, पुढे जाऊ या ना." ते म्हणाले, "कुठे जायचंय? सगळं इथेच तर आहे." मला तेव्हा ते टाळल्यासारखं वाटलं.

मग बँकेची नोकरी, लग्न, बदली, लेक. अकरा वर्षं मी गिटारला हात लावला नाही. हे लिहिताना जड जातंय, पण खरं आहे. काकांनी एका शब्दाने टोकलं नाही. दर दसऱ्याला फोन मात्र यायचा: "गिटारची पूजा केलीस का?" मी हो म्हणायचे. दोन वेळा खोटं बोलले, माळ्यावरून काढलीच नव्हती. त्यांना कळत असणार. नाहीतर फोन ठेवताना "तारा उतरवून ठेवल्यास ना?" असं त्याच दोन वर्षी कशाला विचारलं असतं?

परत आले ती तीन वर्षांपूर्वी. दार उघडून म्हणाले, "ये, मध्यमापासून धरू."

*

आज मी ती गंधाराची तार नीट केली. खुंटी कोरडी झाली होती, करकरली. मग पलंगाच्या कडेला बसून गिटार मांडीवर घेतली, त्यांच्याच नख्या घातल्या. अंगठ्याची मला सैल होते. रॉड पाचव्या पडद्यावर ठेवला, तार छेडली आणि खाली आले. चौथ्यावर जराशी थांबले, ते चुकलंच. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा गंधार लागला. करंगळी उचलली गेली नाही.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. काकू दारात येऊन उभ्या होत्या. किती वेळ, ते कळलं नाही. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली, त्यांनी या वाद्याला कधी हात लावला नव्हता. त्या पेटी पुसायच्या तीही बाहेरून. आत ह्यांचं असतं, म्हणायच्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग उतरव आता तारा."

मला वाटलं होतं त्या म्हणतील राहू दे तशाच. मलाही तेच हवं होतं, त्यांच्या हाताने लावलेल्या त्या शेवटच्या. पण पावसाळा आहे, ब्रिज उचलेल, आणि काकूंना नियम माझ्याइतकाच माहीत. मी जाड तारेपासून सुरुवात केली. दोन फेरे. खर्जाचा पंचम खाली खाली गेला आणि शेवटी नुसता फडफडला. मग षड्ज. काकू शेजारी येऊन बसल्या. प, सा, मग गंधार, जो आत्ताच नीट केला होता.

एक बारीक पंचम उरला. काकूंनी हात पुढे केला.

"कुठल्या बाजूला फिरवायचं?"

मी त्यांचं बोट खुंटीवर ठेवलं आणि दिशा दाखवली.

"किती?"

"दोन फेरे."

त्यांनी तीन दिले.