स्टेल्व्हिओ घाट, ४८ वळणं आणि आप्पांचा गियर

किल्ली हातावर ठेवताना सहकारी एवढंच म्हणाला, "वरच्या वळणांना घाई करू नकोस." विम्याच्या कागदावर चालक म्हणून माझं नाव त्यानं आधीच घालून घेतलं होतं. गाडी माझदा एमएक्स-५. दोनच सीट, उघडं टप, हातानं टाकायचे गियर. आपली लाडकी वस्तू कुणी इतक्या विश्वासानं देतं, तेव्हा ती जपून परत नेण्याची काळजी दिवसभर मनात राहते.

म्युनिकहून पहाटे निघून इटलीतल्या प्राटो गावी पोचलो. तिथून स्टेल्व्हिओचा घाट सुरू होतो. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १८०० मीटरची चढण, माथा २७५७ मीटरवर. ४८ वळणं, प्रत्येकाला क्रमांकाची पाटी. पायथ्याशी ४८ आणि वर जाताना आकडा उतरत जातो.

कार्लो डोनेगानी या अभियंत्यानं १८२० ते १८२५ मध्ये हा रस्ता ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी बांधला. आपला बोर घाट गाड्यांसाठी खुला झाला तो १८३० साली, म्हणजे दोन्ही घाट एकाच काळातले, घोड्याबैलांच्या ताकदीनं मोजलेले. म्हणून चढ बेताचा आणि वळणं मात्र कोपरासारखी दुमडलेली. अशा रस्त्यावर स्पोर्ट्स कारचा वेग फारसा कामाला येतच नाही. कामाला येतं तिचं हलकं अंग आणि स्टिअरिंगचा नेमकेपणा. वळणाआधी दुसरा गियर, नजर वळणाच्या पलीकडे, आणि मग ती अशी वळते की पुढचं वळण लवकर यावंसं वाटतं!

आपल्याकडे डावं वळण आखूड पडतं, इथे गाड्या उजवीकडून चालतात म्हणून उजवं. तेविसाव्या का बाविसाव्या वळणावर वरून बस आली, अख्खा रस्ता व्यापून. मी खालीच थांबलो. खरं तर चढणाऱ्याचा मान पहिला, हे इथेही आहे. पण बसवाल्याला जागा द्यायची, हे माझ्या रक्तातच आहे. आप्पांनी महाबळेश्वर-पोलादपूरच्या आंबेनळी घाटात वर्षानुवर्षं एसटी चालवली.

माथ्यावर थंडी कडक होती. समोर ऑर्टलर शिखराचं बर्फ उन्हात चमकत होतं. फार थांबलो नाही, त्याच वाटेनं उतरलो. खाली ब्रेक जळाल्याचा वास येत होता, पण तो गियरऐवजी ब्रेकवरच उतरणाऱ्या पुढच्या गाडीचा. आपल्या चाकांशी हात नेऊन पाहिला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. फोटो त्यांनी पाहिले होते. गाडीबद्दल काही विचारलं नाही.

"उतरताना गियर कुठला होता?"

"दुसरा, आप्पा. चढताना होता तोच."

"मग ठीक," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.