कातळ ते काळी: मुलांच्या पेटीची चौथ्या महिन्याची नोंद

मुलांसाठी तयार करीत असलेल्या दगड-मातीच्या पेटीची मांडणी या महिन्यात मी पूर्णपणे बदलली. आधी प्रत्येक कप्प्यात एकेक सुटा नमुना होता आणि मुले नाव वाचून पुढे वळत. दगडाचीच माती होते, ही मूळ गोष्ट त्यातून दिसतच नव्हती. आता पहिले चार कप्पे एकाच विहिरीच्या खोदकामातले आहेत: तळाचा काळा कातळ, त्यावरचा कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा गोटा, मग मुरूम आणि सर्वांत वर काळी माती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा हा बेसाल्ट ऊन-पाण्याने झिजत माती कसा झाला, हे बोटांनी चाचपून कळते.

बरणीच्या प्रयोगात मात्र बराच वेळ गेला. काचेच्या बरणीत माती व पाणी घालून हलवले की वाळू मिनिटभरात, पोयटा (वाळूहून बारीक कणांचा गाळ) काही तासांत आणि चिकणमाती सर्वांत शेवटी बसते. पहिल्या खेपेस काळ्या मातीची ढेकळे नीट फुटली नाहीत, त्यामुळे चिकणमातीच्या गुठळ्या वाळूबरोबरच तळाशी गेल्या आणि थर फसवे दिसले. दुसऱ्या खेपेस माती चिमूटभर धुण्याच्या सोड्यासह रात्रभर भिजवली. थर स्पष्ट पडले आणि वरचे पाणी चौथ्या दिवशीही गढूळ होते. त्या बारीक कणांतले माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते व सुकल्यावर आक्रसते, म्हणूनच उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, हे ती बरणी समोर ठेवून सांगता आले.

पाचव्या कप्प्यात कोकणातला जांभा आहे आणि माझ्या मते पेटीतला हाच सर्वांत बोलका नमुना आहे. मूळ खडक बहुतेक ठिकाणी तोच बेसाल्ट; परंतु मुसळधार पावसाने त्यातली सिलिका वाहून नेली, लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले आणि लोहाच्या गंजाने त्याला तांबडा रंग आला. कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिजही अशाच झिजेतून तयार झाले आहे.

गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइट या मऊ खनिजाने उठत नाही, हा खेळ मुलांना लगेच जमला.

बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या स्टिल्बाइट या खनिजाचे स्फटिक मी मुद्दाम शेवटच्या कप्प्यात ठेवले आहेत. ते आधी दिसले की मुलांचे लक्ष मुरुमावर ठरत नाही, आणि मला मुरूमच नीट दाखवायचा आहे.